इस्रायलमधील राष्ट्रभाषा आणि बहुभाषिकता : भाषाविषयक वृत्तींचा एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

ज्या देशाची बहुसंख्य प्रजा बाहेरून येऊन वसलेली असते, त्या देशातील राष्ट्रभाषेचा प्रश्न जुन्या, स्थिर समाजातील याच प्रश्नाहून स्वरूपतःच निराळा असतो. जुन्या समाजात भाषा आधी असते आणि राष्ट्रीयत्वाची जाणीव तिच्या आधाराने मागाहून आकार घेते. स्थलांतरितांच्या देशात हा क्रम उलटतो. तेथे एकत्र येण्याचा संकल्प आधी होतो आणि त्या संकल्पाला अनुरूप अशी भाषा मागाहून ठरवावी, शिकवावी व रुजवावी लागते. येणारा प्रत्येक जण आपली भाषा बरोबर घेऊन आलेला असतो. तेव्हा राष्ट्रभाषेची प्रतिष्ठापना म्हणजे या आणलेल्या भाषांचे काय करावयाचे याविषयीचा निर्णयही असतो. हा दुसरा निर्णय पुष्कळदा उघडपणे घेतला जात नाही. तो कायद्यापेक्षा लोकांच्या वृत्तीत, शाळेच्या शिस्तीत आणि घरातील मौनात अधिक स्पष्ट दिसतो.

इस्रायल हे या प्रक्रियेचे सर्वांत ठळक उदाहरण होय. महाराष्ट्रात ज्ञानभाषेची किंवा शिक्षणमाध्यमाची चर्चा निघाली की हिब्रूचा दाखला हटकून दिला जातो. शतकानुशतके नित्याच्या बोलण्यात नसलेली भाषा दोन पिढ्यांत विद्यापीठाची, न्यायालयाची आणि बाजारपेठेची भाषा झाली, मग मराठीला तसे का साधू नये, असा त्या युक्तिवादाचा रोख असतो. दाखला खरा आहे, परंतु तो अर्धाच सांगितला जातो. हिब्रूच्या यशाबरोबर ज्या भाषा मागे पडल्या त्यांत यिद्दिश, लादिनो आणि ज्यूंची अरबी यांच्याबरोबर मराठीही होती, ही गोष्ट त्या चर्चेत सहसा येत नाही. पूर्ण दाखला समजून घेण्यासाठी हिब्रूच्या उत्कर्षाकडे आणि इतर भाषांच्या अपकर्षाकडे एकाच वेळी पाहणे आवश्यक आहे.

या पाहणीसाठी रिचर्ड रुईझ या अभ्यासकाने १९८४ मध्ये मांडलेली त्रिविध विभागणी उपयोगी पडते. समाज एखाद्या भाषेकडे ‘अडचण’ म्हणून, ‘हक्क’ म्हणून किंवा ‘संपत्ती’ म्हणून पाहू शकतो, आणि भाषाविषयक धोरण या तीनपैकी कोणत्या तरी दृष्टीतून निघते, असे त्याचे प्रतिपादन आहे. इस्रायलच्या इतिहासात या तिन्ही दृष्टी आढळतात. मात्र त्या सर्व भाषांना सारख्या लागू झालेल्या नाहीत. कोणती भाषा कोणत्या दृष्टीने पाहिली गेली, आणि का, हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२. हिब्रूची निवड

हिब्रू ‘मृत’ होती व ती ‘जिवंत’ करण्यात आली, ही समजूत तितकीशी अचूक नाही. प्रार्थना, धर्मशास्त्र, पत्रव्यवहार आणि ग्रंथरचना यांत हिब्रूचा वापर कधीच खंडित झाला नव्हता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून युरोपातील ज्यू प्रबोधनाच्या चळवळीने तिच्यात लौकिक साहित्य निर्माण केले. आव्राहाम मापूची पहिली हिब्रू कादंबरी १८५३ मध्ये प्रसिद्ध झाली. जेरुसलेमच्या बाजारात निरनिराळ्या देशांतून आलेले ज्यू परस्परांशी मोडक्यातोडक्या हिब्रूत व्यवहारही करीत. नव्हते ते एवढेच की, ती कोणाची मातृभाषा नव्हती. घर व बाळपण यांच्या बोलीची जागा तिला मिळवून देणे हे पुनरुज्जीवनाचे खरे कार्य होते.

या कार्याशी एलिएझर बेन-येहुदा (१८५८–१९२२) याचे नाव निगडित आहे. तो १८८१ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये आला, त्याने आपल्या मुलाला केवळ हिब्रूत वाढविले, नवे शब्द घडविले आणि एका प्रचंड कोशाचा आरंभ केला. तो कोश त्याच्या मृत्यूनंतर १९५९ मध्ये सतरा खंडांत पूर्ण झाला. परंतु एका व्यक्तीच्या निष्ठेने भाषा रुजत नाही. नव्या शेती-वसाहतींतील शाळांनी १८८० च्या दशकापासून हिब्रूतून शिकविण्यास प्रारंभ केला आणि शाळेतून ही भाषा घरात शिरली. आईबापांनी मुलांना भाषा शिकवावी हा निसर्गक्रम येथे उलटा झाला. मुले ती आईबापांकडे घेऊन गेली.

हिब्रूची निवड अटळ होती असे मात्र नाही. थिओडोर हर्झल याने १८९६ च्या आपल्या पुस्तकात भावी ज्यू राज्याची कल्पना मांडताना स्वित्झर्लंडप्रमाणे अनेक भाषांचा देश डोळ्यांपुढे ठेवला होता. हिब्रूतून आगगाडीचे तिकीट मागण्याइतकीही भाषा कोणाला येत नाही, असे त्याचे मत होते. पूर्व युरोपात १९०८ मध्ये चेर्नोवित्स येथे भरलेल्या परिषदेने यिद्दिश ही ज्यू लोकांची एक राष्ट्रीय भाषा असल्याचे घोषित केले. १९१३ मध्ये हैफा येथील नियोजित तंत्रविद्यालयात शास्त्रीय विषय जर्मनमधून शिकवावेत असे त्या संस्थेस द्रव्यसाह्य करणाऱ्या जर्मन ज्यू मंडळाने ठरविले, तेव्हा शिक्षक व विद्यार्थी यांनी संप पुकारला. ‘भाषायुद्ध’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या झगड्याचा निकाल १९१४ मध्ये हिब्रूच्या बाजूने लागला. त्या काळी जर्मन ही विज्ञानाची अग्रगण्य भाषा होती आणि हिब्रूत पाठ्यपुस्तकेही नव्हती, हे ध्यानात घेतल्यास या निकालाचे महत्त्व कळते. तो सोयीचा विचार करून घेतलेला नव्हता. एका सामूहिक निष्ठेची ती अभिव्यक्ती होती.

पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथील ज्यू वस्तीची जी गणना झाली, तीत सुमारे ४० टक्के लोकांनी हिब्रू ही आपली मुख्य भाषा असल्याचे सांगितले. १९२२ मध्ये ब्रिटिश शासनाने इंग्रजी व अरबी यांच्या बरोबरीने हिब्रूला राजभाषेचा दर्जा दिला. राज्याची स्थापना १९४८ मध्ये झाली, तेव्हा तेथील ज्यू वस्तीपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश लोक मुख्यत्वे हिब्रू वापरीत होते. अर्थात राज्याने भाषा निर्माण केली नाही. राज्य निर्माण होण्यापूर्वीच भाषा सिद्ध झालेली होती.

३. यिद्दिशविषयीची वृत्ती

हिब्रूचा सर्वांत बलवान प्रतिस्पर्धी घरातलाच होता. पूर्व युरोपातून आलेल्या बहुसंख्य ज्यूंची मातृभाषा यिद्दिश होती. तिच्यात समृद्ध साहित्य, वृत्तपत्रे आणि नाट्यपरंपरा होती. असे असूनही, किंबहुना म्हणूनच, तिच्याविषयीची वृत्ती सर्वाधिक कठोर राहिली. यिद्दिशला ‘अपभ्रष्ट बोली’ म्हणून हिणविण्यात आले; ती परवशतेची, भित्रेपणाची आणि वनवासाची खूण मानली गेली. जुन्या समाजात हिब्रू ही पुरुषांच्या अध्ययनाची आणि यिद्दिश ही स्त्रियांची व घराची भाषा होती. संस्कृत व प्राकृत यांच्या संबंधाची ज्यांना कल्पना आहे त्यांना ही रचना सहज समजेल. नव्या समाजाने यांपैकी प्रतिष्ठेची भाषा घरात आणली आणि घरातली भाषा बाहेर काढली.

तेल अवीव येथे १९२३ मध्ये विद्यार्थ्यांनी ‘भाषारक्षक दल’ स्थापन केले. रस्त्यात परभाषा बोलणाऱ्यांना हटकणे, दुकानांवरील परभाषी पाट्यांविरुद्ध मोहीम काढणे, यिद्दिश सभा उधळणे, असे त्याचे उद्योग होते. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात १९२७ मध्ये यिद्दिशचे अध्यासन स्थापण्याची सूचना पुढे आली तेव्हा प्रखर विरोध झाला. ते अध्यासन निर्माण होण्यास १९५१ साल उजाडले. मधल्या काळात यिद्दिश बोलणारा युरोपातील समाज नाझी संहारात नष्टप्राय झाला होता. संहारातून वाचलेले लोक जेव्हा नव्या राज्यात आले तेव्हा त्यांच्या भाषेस तेथे मानाचे स्थान नव्हते. राज्याच्या पहिल्या वर्षांत स्थानिक नटसंचांच्या यिद्दिश नाट्यप्रयोगांवर निर्बंध होते आणि यिद्दिश वृत्तपत्राला दररोज निघण्याची अनुमती मिळत नव्हती. याच काळात, १९४९ मध्ये, हिब्रूवादी कामगार महासंघाच्या साह्याने आव्रोम सुट्सकेव्हर या कवीच्या संपादकत्वाखाली ‘दी गोल्डेने केयट’ हे उत्कृष्ट यिद्दिश त्रैमासिक निघाले व ते १९९५ पर्यंत चालले, हेही नमूद केले पाहिजे. उच्च साहित्याला अनुज्ञा आणि दैनंदिन जीवनाला मज्जाव, अशी ही दुहेरी वृत्ती होती. ज्या भाषेपासून आता भय उरले नाही तिचा गौरव करणे सोपे असते. यिद्दिश व लादिनो या दोन्ही भाषांच्या संस्कृतिरक्षणासाठी इस्रायलच्या संसदेने १९९६ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणे स्थापण्याचा कायदा केला, तोवर त्या भाषा घराघरांतून जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या.

या इतिहासातील एक विसंगती लक्षणीय आहे. आज इस्रायलमध्ये यिद्दिश ज्या समाजात खऱ्या अर्थाने जिवंत आहे, तो अतिसनातनी हसिदी समाज भाषिक राष्ट्रवाद मानीतच नाही. हिब्रू पवित्र असल्यामुळे ती व्यवहारात वापरू नये, या धारणेने त्याने यिद्दिश टिकविली. भाषेच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या संस्थांना जे साधले नाही ते एका बंदिस्त समाजाच्या दिनक्रमाने साधले.

४. महास्थलांतर आणि भाषाशिक्षण

१९४८ च्या मे महिन्यात इस्रायलमधील ज्यू लोकसंख्या सुमारे ६,५०,००० होती. १९५१ अखेरपर्यंत तीत आणखी सुमारे ६,८७,००० स्थलांतरितांची भर पडली. साडेतीन वर्षांत लोकसंख्या दुप्पट झाली, आणि येणारे लोक पोलंड, रुमानिया, इराक, येमेन, मोरोक्को, तुर्कस्तान, इराण व भारत अशा अनेक देशांचे होते. हिब्रू बोलणाऱ्यांचे प्रमाण साहजिकच घसरले. या परिस्थितीत बहुभाषिकता ही राष्ट्रापुढील ‘अडचण’ ठरली, हे समजण्याजोगे आहे. सैन्यात आज्ञा कोणत्या भाषेत द्यावयाची, रुग्णाने वैद्यास काय सांगावयाचे, हे प्रश्न त्या घटकेला तत्त्वचर्चेचे नव्हते.

या अडचणीवर जी उपाययोजना झाली ती भाषाशिक्षणाच्या इतिहासात चिरस्थायी ठरण्यासारखी आहे. ‘उल्पान’ या नावाचे प्रौढांचे सघन भाषावर्ग १९४९ मध्ये जेरुसलेम येथे सुरू झाले. नवागताने काही महिने मुख्यतः भाषाच शिकावी, शिक्षण आरंभापासून हिब्रूतूनच व्हावे आणि पाठ व्याकरणापेक्षा व्यवहारावर आधारलेले असावेत, ही त्याची सूत्रे होती. सोप्या हिब्रूतील, स्वरचिन्हांसह छापलेली वृत्तपत्रे निघाली. सैन्यातील तरुणी नव्या वस्त्यांत जाऊन भाषा शिकवू लागल्या. हिब्रू भाषेची अकादमी १९५३ मध्ये कायद्याने स्थापन झाली व परिभाषेचे काम तिच्याकडे आले. नावेही या प्रक्रियेतून सुटली नाहीत. राज्याचे परदेशांत प्रतिनिधित्व करणाऱ्या अधिकाऱ्यांनी हिब्रू आडनाव घ्यावे, असा पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांचा आग्रह होता.

या कार्याचे यश निर्विवाद आहे. तथापि त्यामागील गृहीतकही तपासले पाहिजे. नवी भाषा येण्यासाठी जुनी सोडली पाहिजे, असे ते गृहीतक होते. मॉन्ट्रियल येथे एलिझाबेथ पील व वॉलेस लँबर्ट यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने द्वैभाषिक मुले बौद्धिक कसोट्यांत मागे पडत नाहीत, उलट कित्येक बाबतींत पुढे असतात, असे दाखविले. पुढे लँबर्टने ‘संवर्धक’ आणि ‘ऱ्हासकारक’ अशा दोन प्रकारच्या द्वैभाषिकतेत भेद केला. पहिलीत नवी भाषा जुनीत भर घालते, तर दुसरीत ती जुनीची जागा घेते. कोणती अवस्था प्राप्त होईल हे मुलाच्या बुद्धीपेक्षा त्याच्या घरच्या भाषेस समाजात असणाऱ्या प्रतिष्ठेवर अवलंबून असते. इस्रायलची १९५० च्या दशकातील योजना हिब्रू देण्यात यशस्वी झाली, पण तिने निर्माण केलेली द्वैभाषिकता बहुतांशी दुसऱ्या प्रकारची होती आणि म्हणून ती एका पिढीपुरतीच टिकली.

५. अरबी भाषक ज्यू आणि बेने इस्रायल

प्रतिष्ठेच्या या भेदाचा अनुभव सर्वांत तीव्रतेने आला तो अरब देशांतून आलेल्या ज्यूंना. इराकमधून १९५०-५१ मध्ये सुमारे १,२०,००० ज्यू इस्रायलला आले. त्यांच्या सुशिक्षित वर्गाने बगदादच्या अरबी साहित्यात नाव मिळविले होते. नव्या देशात त्यांची भाषा शत्रूची भाषा मानली गेली. जर्मन किंवा इंग्रजी बोलणाऱ्याची भाषा उच्चारात राहिली तर ती सुसंस्कृतपणाची खूण ठरे; अरबी राहिली तर मागासलेपणाची. या पेचातून दोन लेखकांनी काढलेले मार्ग उद्‌बोधक आहेत. सामी मिखाएल याने दीर्घ काळ घालवून अरबीकडून हिब्रूकडे प्रयाण केले आणि १९७४ मध्ये पहिली हिब्रू कादंबरी प्रसिद्ध करून तो लोकप्रिय कादंबरीकार झाला. समीर नक्काश (१९३८–२००४) याने मात्र अखेरपर्यंत अरबीतच लिहिले, त्यातही बगदादच्या ज्यूंची बोली राखली, आणि स्वदेशात त्याला अल्पच वाचक लाभले. पहिल्याने वाचक मिळविले व भाषा दिली. दुसऱ्याने भाषा राखली व वाचक दिले. दोन्ही एकत्र राखण्याची सोय त्या समाजरचनेत नव्हती.

कोकणातून गेलेल्या बेने इस्रायलांची कथा याच प्रकरणात मोडते व मराठी अभ्यासकांना ती विशेष जवळची आहे. कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, गावांवरून पेणकर, नवगावकर, केहीमकर अशी आडनावे लावणाऱ्या या समाजाची मराठी ही केवळ बाजाराची भाषा नव्हती. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा ‘हग्गादा’ १८४६ मध्ये मुंबईस व १८७४ मध्ये पुण्यास मराठी अनुवादासह छापला गेला. बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचली गेली व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ती उत्साहाने होत राहिली. हा समाज १९५० च्या सुमारास भारतात सुमारे २०,००० होता. पुढील दशकांत त्याचा मोठा भाग इस्रायलला गेला व लोद, रामला, बीरशेबा, दिमोना, अशदोद अशा ठिकाणी वसला. धर्मपीठाने त्यांच्या विवाहांविषयी शंका घेतल्यामुळे १९६२ ते १९६४ या काळात त्यांना चळवळ करावी लागली. अखेर १९६४ मध्ये संसदेने त्यांचा बरोबरीचा दर्जा स्पष्ट केला. ज्यांच्या ज्यूपणाबद्दलच प्रश्न उपस्थित होतो त्यांना आपले वेगळेपण दाखविणारी भाषा जपणे दुहेरी कठीण जाते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक १९८० च्या दशकात इस्रायलमध्ये निघू लागले, हे या समाजाच्या भाषाप्रेमाचे द्योतक होय. तथापि जी पिढी तेथे जन्मली तिचे शिक्षण, सैनिकी सेवा आणि विवाह सर्व हिब्रूत झाले. एलिया संदेष्ट्याच्या नावाने पोहे, गूळ व खोबरे यांचा ‘मलिदा’ करण्याचा विधी आजही टिकून आहे. त्याभोवतीचे मराठी बोलणे मात्र वृद्धांपुरते उरले आहे. विधी राहतो आणि भाषा जाते, हा अनुभव स्थलांतरित समाजांत वारंवार येतो. विधीला वर्षातून काही प्रसंग पुरतात, भाषेला मात्र रोजचे घर लागते.

६. रशियन भाषक व वृत्तीतील पालट

१९८९ नंतरच्या दशकात पूर्वीच्या सोव्हिएत संघातून नऊ लाखांच्या आसपास लोक इस्रायलमध्ये आले. हे स्थलांतर मागील स्थलांतरांहून तीन बाबतींत भिन्न होते. संख्या इतकी मोठी होती की, दुकान, दवाखाना व कार्यालय यांत रशियनवर भागू शकत होते. येणाऱ्यांत अभियंते, वैद्य, शास्त्रज्ञ व संगीतज्ञ यांचे प्रमाण मोठे होते. शिवाय रशियन ही एका थोर साहित्याची भाषा आहे, या जाणिवेने ते लोक आले होते. हिब्रू ही त्यांना मुख्यतः उपजीविकेची भाषा वाटली. ‘वेस्ती’ हे रशियन दैनिक १९९२ मध्ये सुरू झाले, २००२ मध्ये रशियन दूरचित्रवाहिनी आली, आणि स्थलांतरित शिक्षकांनी विज्ञान व गणित यांसाठी नावाजलेल्या शाळा काढल्या. चाळीस वर्षांपूर्वी यिद्दिश दैनिकास जी मोकळीक नव्हती ती रशियनला मागावीही लागली नाही.

हा पालट केवळ उदारतेतून आला असे म्हणणे योग्य होणार नाही. हिब्रूचे स्थान आता अढळ झाले होते, आणि आत्मविश्वास असलेल्या भाषेला शेजारचे सूर खुपत नाहीत. शिक्षणमंत्रालयाने १९९० च्या दशकाच्या मध्यास भाषाशिक्षणाचे पहिले स्पष्ट धोरण जाहीर केले. हिब्रू, अरबी व इंग्रजी यांबरोबर स्थलांतरितांच्या भाषांचेही संवर्धन व्हावे, असे त्यात म्हटले होते. म्हणजे ‘अडचण’ ही दृष्टी मागे पडून निदान कागदावर ‘संपत्ती’ ही दृष्टी पुढे आली. परंतु १९८४ व १९९१ च्या विमानमोहिमांतून आलेल्या इथिओपियन ज्यूंच्या अम्हारिक व तिग्रिन्या या भाषांना या पालटाचा लाभ रशियनइतका झाला नाही. धोरण सर्वांना एकच होते, पण प्रतिष्ठेचे भांडवल सर्वांजवळ सारखे नव्हते. ज्यांच्या घरी रशियन टिकली त्यांची मुलेही आपसांत हिब्रूच बोलू लागली आहेत, हेही विसरता येत नाही. उदार धोरणाने भाषापालटाचा वेग मंदावतो. त्याची दिशा बदलतेच असे नाही.

७. अरबी : आगंतुकांची नव्हे, रहिवाशांची भाषा

आतापर्यंतचे विवेचन स्थलांतरितांच्या भाषांविषयी झाले. अरबीचा प्रश्न या कोटीत बसत नाही. देशाच्या लोकसंख्येच्या सुमारे एक-पंचमांश असलेले अरब नागरिक कोठून येऊन वसलेले नाहीत. त्यांच्याभोवती नवा देश वसला. स्थलांतरिताने नव्या देशाची भाषा स्वीकारण्यात एक प्रकारची संमती गृहीत धरता येते. येथे ती गृहीत धरता येत नाही.

१९४८ मध्ये इंग्रजीचे अनिवार्य स्थान रद्द झाले, मात्र १९२२ च्या हुकमातील अरबीचे स्थान कायम राहिले. अरब मुलांच्या शाळा अरबी माध्यमाच्या आहेत व तेथे हिब्रू आवश्यक विषय आहे. या दृष्टीने अरबीला स्थलांतरितांच्या कोणत्याही भाषेपेक्षा अधिक हक्क मिळाले. परंतु व्यवहार वेगळा होता. उच्च शिक्षण, न्यायालय आणि नोकरी यांची भाषा हिब्रू असल्याने अरब नागरिकास द्वैभाषिक व्हावेच लागले. ज्यू नागरिकास तशी गरज भासली नाही, आणि ज्यू शाळांतील अरबीचे अध्यापन पुष्कळ अंशी लष्करी गुप्तवार्तेच्या गरजेशी जोडले गेले. द्वैभाषिकतेचा सारा भार अशा रीतीने एकाच बाजूने वाहिला. त्यातूनच अँटन शम्मास याच्या १९८६ च्या हिब्रू कादंबरीसारखी असामान्य साहित्यकृतीही निर्माण झाली, आणि राष्ट्रभाषा ही एका वंशाची मालमत्ता आहे काय, हा प्रश्न हिब्रूतच विचारला गेला.

२००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिश्र वस्तीच्या शहरांतील नगरपालिकांनी पाट्यांवर अरबी मजकूरही द्यावा असा निर्णय बहुमताने दिला. अरबी ही देशातील सर्वांत मोठ्या व दीर्घकाळ वास्तव्य असलेल्या अल्पसंख्याकांची भाषा आहे, म्हणून तिची गणना स्थलांतरितांच्या इतर भाषांबरोबर करता येणार नाही, असे सरन्यायाधीश आहारोन बराक यांनी म्हटले. तर अल्पमतातील न्यायमूर्ती मिशाएल खेशीन यांच्या मते असे सामूहिक भाषिक हक्क निर्माण करणे हे न्यायालयाचे काम नव्हते. २०१८ च्या मूलभूत कायद्याने हिब्रू ही राज्याची भाषा ठरली आणि अरबीला ‘विशेष दर्जा’ देण्यात आला. कायद्यापूर्वी तिला प्रत्यक्षात असलेल्या स्थानास बाध येणार नाही, असेही त्यात नमूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हा कायदा उचलून धरला. समर्थकांच्या मते यात वस्तुस्थितीचीच नोंद आहे. टीकाकारांच्या मते समानतेचे जे तत्त्व कागदावर तरी होते तेही गेले. भाषेच्या कायद्याचे प्रतीकात्मक मूल्य त्याच्या व्यावहारिक परिणामाहून किती मोठे असते, याचे हे उदाहरण होय.

८. इंग्रजीचे निराळे स्थान

इंग्रजीचे स्थान या सर्वांहून वेगळे आहे. तिला कायद्याने दर्जा नाही, ती शासकांची भाषा म्हणून एकेकाळी नकोशी होती, तरीही शाळेत, विद्यापीठात आणि व्यापारात आज तिला हिब्रूनंतरचे पहिले स्थान आहे. तिच्याविरुद्ध कोणतेही भाषारक्षक दल निघाले नाही. यिद्दिश, अरबी व मराठी यांचा संशय घेणारी राष्ट्रीय वृत्ती इंग्रजीपुढे सौम्य होते. यावरून असे दिसते की, परभाषेविषयीचा विरोध हा सरसकट परकेपणाविषयीचा विरोध नसतो. तो भाषेमागे उभ्या असलेल्या लोकांच्या सामाजिक स्थानाविषयीचा निवाडा असतो.

९. निष्कर्ष

केंद्रीय सांख्यिकी विभागाच्या २०११ च्या सामाजिक पाहणीनुसार वीस वर्षांवरील नागरिकांपैकी सुमारे ४९ टक्के लोकांची मातृभाषा हिब्रू, १८ टक्क्यांची अरबी आणि १५ टक्क्यांची रशियन होती. राष्ट्रभाषेच्या इतक्या विलक्षण यशानंतरही निम्म्याहून किंचित अधिक प्रौढ नागरिक दुसऱ्या कोणत्या तरी भाषेत बोलू लागले होते. याचा अर्थ एकभाषिकता ही त्या देशाची वस्तुस्थिती कधीच नव्हती. ती एक आकांक्षा होती.

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, राष्ट्रभाषेविषयीची निष्ठा आणि बहुभाषिकतेविषयीचा द्वेष यांचा संबंध नित्य नाही, नैमित्तिक आहे. राष्ट्रभाषा असुरक्षित असते तेव्हा तो घट्ट असतो, ती स्थिर झाली की सैल होतो. दुसरी, ही सैलता येईपर्यंत दुर्बल भाषांना थांबता येत नाही. त्यांचा ऱ्हास एका पिढीत होतो, आणि मागाहून स्थापलेली प्राधिकरणे व अध्यासने स्मारके होऊन बसतात. तिसरी, स्थलांतरितांची भाषा आणि मूळ रहिवाशांची भाषा यांना एकाच मापाने मोजणे न्याय्य नाही.

हिब्रूचा दाखला मराठीपुढे ठेवताना या तिन्ही गोष्टींचा विचार झाला पाहिजे. हिब्रूने परिभाषा, पाठ्यपुस्तके, प्रौढशिक्षण आणि शासनव्यवहार यांत जी चिकाटी दाखविली ती सर्वथा अनुकरणीय आहे. घरच्या भाषा पुसून टाकण्याची त्या काळची घाई मात्र या यशाचे आवश्यक अंग होती, असे सिद्ध झालेले नाही. सिंधी, गुजराती, कन्नड, तेलुगू, उर्दू व आदिवासी भाषा बोलणारी मुले महाराष्ट्राच्या शाळांत आहेत. त्यांना मराठी उत्तम यावी आणि तिच्यापायी त्यांची आपली भाषा जाऊ नये, अशी व्यवस्था कशी करता येईल, हा संशोधनाचा विषय आहे. त्यासाठी लोद आणि दिमोना येथील वृद्ध मराठी भाषकांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून अभ्यासणे हे मराठी भाषाविज्ञानाचे तातडीचे कर्तव्य होय. कारण ते बोलणारे थोडे उरले आहेत.